जपमाळ, पाळणा आणि बोली : वसईच्या कॅथलिक घरातील आईचा वाङ्मयीन विचार

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात काही ठळक स्थळे ठरून गेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६), बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) आणि अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन, या क्रमाने हा इतिहास सांगितला जातो. या मालिकेत स्त्रीचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो मुख्यत्वे लक्ष्मीबाईंच्या रूपाने, आणि तो आवाज अहमदनगर परिसरातील प्रॉटेस्टंट घराचा आहे. सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती असलेल्या उत्तर कोकणातील, विशेषतः वसईतील कॅथलिक घरात लहान मुले वाढवणारी आई या इतिहासात जवळजवळ दिसत नाही. ती का दिसत नाही आणि तिला पाहावयाचे तर ते कोठे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिल्या प्रश्नाचे वरवरचे उत्तर असे की कॅथलिक लेखन प्रामुख्याने धर्मगुरूंनी केले आणि धर्मगुरू अविवाहित असतात. हे खरे असले तरी पुरेसे नाही. आईचे चित्र मुलाच्या नजरेतून रेखाटण्याची परंपरा मराठीत एकट्या धर्मगुरूंची नाही. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) हे त्या परंपरेचे सर्वमान्य उदाहरण होय. अशा लेखनात आई ही आठवण असते. ती बहुधा हयात नसते, आणि तिचा दिनक्रम मुलावरील संस्कारांच्या हिशेबाने निवडलेला असतो. तिची झोपमोड, चिडचीड, तिच्या अर्धवट राहिलेल्या प्रार्थना या गोष्टींना त्या निवडीत जागा मिळत नाही.

अधिक मूलगामी कारण कथानकाच्या प्रकारात शोधावे लागते. 'स्मृतिचित्रां'चा कणा धर्मांतर हा आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांत दुरावा आहे, निर्णय आहे, सोवळ्याचा ताण आहे, त्या ताणावर मात करणारा विनोद आहे. धर्म बदलतो म्हणून आयुष्याची कथा होते. वसईत तसे घडत नाही. १५३४ साली हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात आला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. राज्यकर्ते गेले तरी ख्रिस्ती घरे तेथेच राहिली. पुढच्या पिढ्यांतील आईला धर्म वारशाने मिळाला, तो स्वैपाकाच्या, पाण्याच्या, शेतीच्या कामाबरोबरच. तिच्या श्रद्धेला 'आधी' आणि 'नंतर' नाही; सकाळ आणि संध्याकाळ आहे. अशा श्रद्धेतून आत्मचरित्र सहजी निर्माण होत नाही. त्यातून निर्माण होतात त्या तुकड्यांच्या रचना : पाळणा, जप, नवस, मुलाला दिलेली तंबी, सणाची तयारी. साहित्येतिहासाची चाळण जाड असल्यामुळे हे सारे तिच्यातून गळून पडते.

: १ :

वसईतील कॅथलिक समाज एकजिनसी नाही. सामवेदी बोली बोलणारे कुपारी, वाडवळी बोलीतले वाडवळ, किनाऱ्यावरचे कोळी अशा भिन्न परंपरा तेथे शेजारी नांदतात. त्यांपैकी 'कुपारी' हे नाव येथे विशेष लक्षणीय आहे. पोर्तुगीज 'कोंपाद्रे' या शब्दावरून ते आले, अशी त्याची व्युत्पत्ती दिली जाते. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचे आईवडील आणि धर्ममातापिता यांच्यात जे नाते जुळते, त्या नात्याचा तो शब्द आहे. ही व्युत्पत्ती स्वीकारली तर एका संपूर्ण समाजाचे नाव तान्ह्या मुलाभोवती जुळलेल्या सोयरिकीतून आलेले ठरते. प्रदेशावरून, धंद्यावरून, मूळ पुरुषावरून पडलेली जातिनामे मराठीत विपुल आहेत. पाळण्याजवळून आलेले नाव विरळाच.

मात्र ज्या बाप्तिस्म्यातून हे नाते निर्माण होते त्या विधीला बाळाची आई जुन्या काळी हजर असेच असे नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने अर्भकाला शक्य तितक्या लवकर बाप्तिस्मा द्यावा असे सांगितले होते. बालमृत्यू नित्याचे होते त्या काळात 'लवकर' म्हणजे काही दिवसांतच. तेव्हा बाळंतीण घरात शेक घेत असे आणि धर्ममाता बाळाला चर्चमध्ये नेई. पुढे आई उठून हिंडूफिरू लागली की तिच्यासाठी वेगळा आशीर्वादविधी रोमन विधिग्रंथात होता. अधिकृत शिकवणीनुसार तो कृतज्ञतेचा विधी होता. परंतु मरियेचे चाळिसाव्या दिवशी मंदिरात जाणे आणि शेजारच्या हिंदू घरातले सोयर या दोहोंच्या सान्निध्यात त्याला शुद्धीचा अर्थ चिकटणे स्वाभाविकच होते. १९६९ च्या नव्या बाप्तिस्माविधीत आईवडिलांना प्रथमच प्रत्यक्ष भूमिका मिळाली आणि आईचा आशीर्वादही त्याच विधीत सामावून घेण्यात आला. १९८३ च्या संहितेने मुदत 'पहिल्या काही आठवड्यांत' अशी केली. कायद्याच्या भाषेतला हा लहानसा बदल आहे. पण त्यामुळे आपल्या मुलाचे नाव चर्चमध्ये मोठ्याने उच्चारले जाताना ऐकण्याची संधी आईला मिळू लागली, हे नोंदवले पाहिजे.

धर्मशास्त्राला लहान मुलांच्या आईची अडचण अगदीच अपरिचित नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात रविवारच्या मिस्सेची सक्ती सांगताना जी सबळ कारणे सूट म्हणून दिली आहेत, त्यांत आजारपणाच्या जोडीला तान्ह्या मुलांची देखभाल स्पष्टपणे नमूद आहे. नियमातली ही फट आईसाठी आहे. तिचा उपयोग ती कितपत करते हा वेगळा प्रश्न; रडणारे मूल खांद्यावर घेऊन चर्चच्या मागच्या दाराशी उभी असलेली स्त्री कोणत्याही धर्मग्रामात रविवारी दिसते.

: २ :

या आईचे वाङ्मयीन जीवन पाहावयाचे तर संध्याकाळच्या जपमाळेपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. जपमाळेची पाच दशके असतात. प्रत्येक दशकात एक प्रभूची प्रार्थना, दहा वेळा 'नमो मारिया' आणि शेवटी त्रित्वाची स्तुती असा क्रम असतो. आरंभीचे तीन मणी धरले तर 'नमो मारिया' एकंदर त्रेपन्न वेळा म्हटली जाते. पूर्वार्ध एकाने म्हणावयाचा, उत्तरार्ध इतरांनी. नियमाप्रमाणे ही सलग रचना आहे. घरात मात्र ती क्वचितच सलग राहते.

मांडीवरचे मूल झोपेला आलेले असते, दुसऱ्याला दशक म्हणण्याची हौस असते पण मोजता येत नाही, तिसऱ्याचे लक्ष दाराबाहेर असते, आणि चुलीवर भात असतो. आई पूर्वार्ध म्हणते आणि उत्तरार्ध चालू असताना डोळ्याने, हाताने, क्वचित एका शब्दाने घर चालवते. तो एक शब्द बोलीतला असतो. 'कृपा', 'पवित्र', 'पापी', 'प्रार्थना' या संस्कृतप्रचुर शब्दांच्या ओळीत मधेच सामवेदी किंवा वाडवळी दटावणी येते आणि पुन्हा प्रमाण मराठी सुरू होते. एकाच श्वासात दोन भाषास्तर सांभाळण्याची ही रीत कोणत्याही नाटककाराला हेवा वाटावा अशी आहे. या घरांतील मुलाच्या कानावर प्रमाण मराठी प्रथम पडते ती शाळेतून नव्हे, तर प्रार्थनेतून. आणि ती पडते आईच्या तोंडून. मराठी ग्रांथिक शब्दसंपत्तीचे पहिले शिक्षण अक्षरओळखीच्या आधीच होऊन गेलेले असते. अर्थ मागाहून येतो. उत्तरार्धात मरणाच्या घटकेचा उल्लेख आहे. तीन वर्षांचे मूल तो उल्लेख झोपाळ्याच्या लयीत रात्रीमागून रात्री उच्चारते, आणि त्या शब्दाचे ओझे त्याला कितीतरी वर्षांनी कळते.

प्रार्थनेतील संबोधनाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. मराठी प्रार्थनांत देवपित्याला 'तू' म्हटले जाते. मागच्या पिढीतील अनेक घरांत मुले आईला 'अगतुगं' करीत आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणत. म्हणजे स्वर्गातील पित्याशी बोलताना मूल जी सलगी करते ती त्याने घरातल्या पित्याकडून घेतलेली नसते. ती आईकडून घेतलेली असते. विठ्ठलाला माउली करून 'तू' म्हणणाऱ्या वारकरी परंपरेच्या भाषेत वाढलेल्या मराठीला हे नवे नाही. स्टीफन्स यांनी पुराणासाठी ओवी हा छंद निवडला, त्या निवडीचा परिणाम या दृष्टीनेही पुन्हा तपासण्यासारखा आहे. ओवी हा ग्रंथकर्त्यांचा छंद होता तसाच तो जात्यावरचाही होता. जवळपास अकरा हजार ओव्यांचे पुराण वाचू न शकणाऱ्या स्त्रीला त्याची चाल मात्र परकी नव्हती.

जपमाळेच्या मनन-विषयांना 'रहस्ये' म्हणतात. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी तीन पंचके परंपरेने चालत आली. २००२ मध्ये त्यांत प्रकाशाच्या रहस्यांची भर पडली. यांतील आनंदाची पाच रहस्ये वाङ्मयीन दृष्टीने एकत्र वाचली तर विलक्षण गोष्ट ध्यानात येते. देवदूताचा निरोप, मरियेने एलिझाबेथेची घेतलेली भेट, येशूचा जन्म, बाळाचे मंदिरात अर्पण आणि हरवलेल्या मुलाचा मंदिरात लागलेला शोध, असा त्यांचा क्रम आहे. येशूची शिकवण, चमत्कार, दाखले यांपैकी यात काहीही नाही. अनपेक्षित गर्भारपण, एका गर्भवतीने दुसऱ्या गर्भवतीकडे जाऊन राहणे, परमुलखात झालेली प्रसूती, चाळिसाव्या दिवसाचा विधी आणि गर्दीत चुकलेले बारा वर्षांचे पोर हा तो मजकूर आहे. एका आईच्या पहिल्या बारा वर्षांचे हे संक्षिप्त चरित्र होय, आणि ते पाच नावांत बांधलेले आहे. पूर्वी ही रहस्ये सोमवारी व गुरुवारी म्हटली जात, २००२ नंतर सोमवारी व शनिवारी. आठवड्यातून दोनदा ही स्त्री स्वतःच्याच अवस्थांची नावे घेते.

एलिझाबेथेच्या भेटीचे रहस्य मराठी घरात माहेरपणाच्या आणि डोहाळ्यांच्या संकेतांसह ऐकले जाणार, हे उघड आहे. लूकच्या शुभवर्तमानानुसार मरिया तेथे सुमारे तीन महिने राहिली. तीन महिन्यांचा हा मुक्काम प्रवचनकार सेवेचे उदाहरण म्हणून सांगतात. जिने स्वतः दिवस काढले आहेत अशा स्त्रीला त्यात सेवेइतकीच सोबतही ऐकू येत असली पाहिजे. पाचव्या रहस्यात तर मरिया मुलाला चक्क जाब विचारते. तीन दिवस शोधून हैराण झालेल्या आईचा तो प्रश्न आहे. मरियेची जी मोजकी वाक्ये शुभवर्तमानांत आढळतात त्यांत रागावलेल्या आईचे हे एकच. वात्सल्यमूर्ती मरियेच्या असंख्य चित्रांत आणि स्तोत्रांत त्या स्वराला जागा मिळालेली नाही. जपमाळेने तो निदान आठवड्यातून दोनदा जागता ठेवला.

घरच्या या मराठीचे ऐतिहासिक महत्त्वही कमी लेखता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. तोवर वेदीवरची भाषा लॅटिन होती. परिषदेपूर्वीच्या पिढीत घरातील जप मात्र मराठीत चालत असे. पोर्तुगीज शब्दांची सरमिसळ त्यात होती तरी तो मराठीच होता. याचा अर्थ असा की वेदी मराठी होण्याच्या कितीतरी आधी ओटी मराठी होती. १९६४ च्या परिषदेच्या दस्तऐवजात कुटुंबाला 'घरातील चर्च' म्हटले गेले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले श्रद्धाप्रवक्ते मानले गेले. परिषदेने आईला ही भूमिका दिली असे म्हणण्यापेक्षा ती आधीपासून करीत असलेल्या कामाला नाव दिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

: ३ :

दिवसाची लय जपमाळेने बांधली जाते तशी वर्षाची लय सणांनी. राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, मे महिन्यातील मरियेची भक्ती, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या कणसांसह येणारा आगेरा, १६ डिसेंबरपासूनची नाताळची नोव्हेना हे चक्र सर्वांना ठाऊक आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. एका बाबीचा निर्देश मात्र अवश्य हवा. उपासाच्या धर्मनियमात वयाची अट आहे : मांसवर्ज्य चौदाव्या वर्षापासून, उपवास अठरा ते एकोणसाठ या वयात. पण घरात चूल एकच असते. आई उपासाची आणि मुले नियमाबाहेरची, अशा दिवशी ती कोणासाठी काय रांधते, कोणाला किती समजावते, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही. तो तिच्यावर सोपवलेला आहे. श्रद्धेचे संक्रमण म्हणून जे गंभीरपणे बोलले जाते, ते पुष्कळदा या ताट वाढण्याच्या निर्णयांत घडते.

पोर्तुगीज अमलाने मराठीला दिलेले शब्द पाहिले तर पाव, चावी, घमेले, बटाटा, कोबी, फीत, नाताळ असे ते बहुतांशी घरगुती आहेत. राज्य गेले आणि स्वैपाकघर, कुलूप व सण यांचे शब्द उरले. भाषिक देवघेवीचा इतिहास दरबारी कागदांपेक्षा अशा घरांत अधिक टिकतो, हे यावरून दिसते. अर्थात हे शब्द आज साऱ्या मराठीचे आहेत; ख्रिस्ती घराचा त्यांवर वेगळा हक्क नाही.

या घरातील आई फक्त घरातच असते असे चित्र रंगवणे चुकीचे होईल. वसईच्या बागायतीतील भाजी, फुले, केळी मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या झाल्या आहेत. पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन निघालेल्या आईची मुले आजीच्या किंवा थोरल्या मुलीच्या हाती असत. सकाळची प्रार्थना त्यामुळे बऱ्याचदा आजीची, आणि संध्याकाळची आईची. एका घरातच दोन पिढ्यांची प्रार्थनेची मराठी नांदत असे. आजीच्या उच्चारांत जुने पोर्तुगीज शब्द अधिक, आईच्या तोंडी पुस्तकी मराठी अधिक. मुलाच्या कानी दोन्ही. बोलीच्या अभ्यासकाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही, आणि तरीही या दृष्टीने संकलन फारसे झालेले नाही. सामवेदीची गाणी, लग्नविधी, म्हणी यांकडे लक्ष गेले. रोजच्या प्रार्थनेमधली दटावणी ही लोकवाङ्मयाच्या कोणत्याच खान्यात बसत नसल्याने ती कोणी टिपली नाही.

: ४ :

फादर दिब्रिटो यांनी १९८३ पासून प्रदीर्घ काळ 'सुवार्ता' या मासिकाचे संपादन केले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'मागची भूमिका शीर्षकातच आहे. बायबल सुबोध करावयाचे तर ते कोणासाठी, असा प्रश्न विचारला असता त्या वाचकवर्गात संध्याकाळी मुलांना गोष्ट सांगणाऱ्या आईला गृहीत धरावेच लागते. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या वसईच्या लेखिकांनी स्त्रीचा आवाज या परिसराच्या मराठी लेखनात आणला, हेही विसरता येत नाही. परंतु ललित लेखनात घर येते ते बहुधा मागे वळून पाहताना. तान्हे मूल कडेवर असताना लिहिलेले पान मराठीत एकूणच दुर्मिळ आहे, मग लेखिका कोणत्याही धर्माची असो. लक्ष्मीबाईंनीही 'स्मृतिचित्रे' लिहिली ती उतारवयात. हा वेळेच्या अभावाचा प्रश्न आहे. प्रतिभेच्या अभावाचा नव्हे.

दरम्यान ते घर बदलले आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका आली. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, आणि मुंबईला टोपली घेऊन जाणाऱ्या बाईची नात त्याच गाडीने कचेरीत जाऊ लागली. मुले इंग्रजी माध्यमात जातात. धर्मशिक्षणाचे पुस्तक कोणत्या भाषेतले घ्यावे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी कोणत्या भाषेत करून घ्यावी, हे निर्णय सात-आठ वर्षांच्या मुलाच्या आईसमोर प्रत्यक्ष उभे असतात. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला ख्रिस्तप्रसाद द्यावा हा दहाव्या पायस यांचा निर्णय १९१० सालचा. त्यामुळे प्रार्थना पाठ करून घेण्याचे काम शाळेच्या पहिल्या वर्षांतच येते आणि शाळेची भाषा त्यात सहज शिरते.

जेथे प्रार्थना इंग्रजीत गेली आहे, तेथे वर वर्णिलेली दुभाषिक वीण उसवते. प्रमाण मराठीचा धागा निघून जातो आणि इंग्रजीच्या शेजारी बोली उरते, किंवा तीही उरत नाही. या बदलाकडे केवळ हळहळीने पाहून चालणार नाही, कारण मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा हिशेब करणारी आई मराठीची शत्रू नसते. तिच्यापुढचा पेच खरा आहे. अभ्यासकापुढचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे : अशा घरात जपमाळेच्या मधोमध मूल उठून पळाले, तर त्याला परत बोलावणारा तो एक शब्द आज कोणत्या भाषेत येतो? इंग्रजी प्रार्थनेच्या ओळीत तो सामवेदीच राहिला आहे, मराठी झाला आहे की त्यानेही भाषा बदलली आहे, हे घरोघरी संध्याकाळी सातच्या सुमारास ऐकता येण्याजोगे आहे. आणि ते ऐकण्यासाठी वही घेऊन बसणाऱ्या विद्यार्थिनीला त्या ओटीवर पाट मिळण्यात काही अडचण पडणार नाही.